गोव्यातली गोगलगाय आणि वाशीमची फवारणी

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. सर्वांत जवळचा किनारा गाठायचा तर सरळ रेषेतही चारशेहून अधिक किलोमीटर अंतर पडते. पण पाण्याच्या वाटा पाहिल्या तर या जिल्ह्याला दोन-दोन समुद्र आहेत. काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे जाते. अकोला शहराला पाणी पाजणाऱ्या महानच्या धरणातून ती पुढे पूर्णेला, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. रिसोडकडून येणारी पैनगंगा मात्र पूर्वेची वाट धरते. अडाण आणि अरुणावती याही तिच्याच. वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी नावे बदलत हे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. मालेगाव तालुक्यात पडलेला एक थेंब पश्चिमेला जाईल की पूर्वेला, हे तो शिवाराच्या कोणत्या अंगाला पडला यावर ठरते.

याच शिवारात दर खरिपाला सोयाबीन, तूर आणि कपाशीवर फवारणी होते. तिला लोक ‘औषध मारणे’ म्हणतात. शब्द साधा आहे, पण रुग्णालयात तो घोटाळा करतो. ‘काय घेतले होते?’ या प्रश्नाला ‘औषध’ असे उत्तर आले की डॉक्टरला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: कोणते औषध, आजाराचे की पिकाचे? हे पिकाचे औषध पावसाबरोबर वाहून शेवटी कुठे जाते, ही शंका अनेकांना येते. ‘शेवटी समुद्रातच जात असेल’ असे म्हणून ती बहुतेक वेळा सोडून दिली जाते. समुद्रात गेलेल्या विषाचे पुढे काय होते, याचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र गेल्या पन्नास वर्षांत जे शोधले आहे, ते वाशीमच्या आरोग्य केंद्रांनाही उपयोगी पडावे असे आहे.

गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. तेथील वाय. विश्वकिरण आणि ए. सी. अनिल यांनी १९९९ साली एका छोट्या समुद्री गोगलगायीविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. गोगलगायीचे शास्त्रीय नाव ‘क्रोनिया कोकणेन्सिस’, म्हणजे नावातच कोकण. खडकांवर राहणाऱ्या या प्राण्याच्या माद्यांमध्ये त्यांना नराचे जननेंद्रिय वाढलेले आढळले. माद्या जिवंत होत्या आणि चालत-फिरत होत्या. वरून पाहणाऱ्याला त्यांच्यात काहीही वावगे दिसले नसते. शंख फोडून, भिंगाखाली ठेवून पाहिल्यावरच बिघाड कळत होता. भारताच्या समुद्रातली अशी ही सुरुवातीच्या नोंदींपैकी एक.

या विकाराला ‘इम्पोसेक्स’ म्हणतात. त्याची कथा इंग्लंडच्या प्लिमथ बंदरापासून सुरू होते. १९७० साली ब्लेबर या अभ्यासकाने तिथल्या गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराचा अवयव पाहिला आणि त्याची नोंद केली. पुढच्या वर्षी अमेरिकेत स्मिथ यांना दुसऱ्या जातीत तेच दिसले आणि नाव त्यांनी दिले. निसर्गाची गंमत, एवढ्यावरच अनेकांनी ते सोडले असते. स्मिथ यांनी सोडले नाही. बोटी नांगरतात तिथे विकार जास्त आणि बंदरापासून दूर गेले की कमी, हे त्यांच्या लक्षात आले. १९८१ साली त्यांनी बोट ठेवले ते बोटींच्या रंगावर.

जहाजाच्या बुडाला शेवाळ, शिंपले आणि कालवे चिकटतात. बूड खरखरीत झाले की इंधन जास्त जळते. म्हणून १९६० च्या दशकापासून रंगात कथिलाचे एक संयुग घालू लागले. ते म्हणजे ट्रायब्युटिल टिन, थोडक्यात टीबीटी. रंगातून ते हळूहळू पाण्यात सुटते आणि चिकटू पाहणाऱ्या जिवांना मारते. काम चोख होते आणि खर्च वाचत होता. जहाजमालक खूश होते.

पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कालव्यांची शेती कोसळली. अंड्यांतून पिल्ले जगेनात आणि मोठ्या कालव्यांचे कवच वेडेवाकडे जाड होऊ लागले. बंदी मागायला तिथे शेतकरीच उभे राहिले, समुद्रातले शेतकरी. १९८२ साली फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली. इकडे प्लिमथच्या प्रयोगशाळेत ब्रायन आणि गिब्ज यांनी १९८६ पासून एकामागून एक निबंधांत दाखवून दिले की, लिटरभर पाण्यात एक नॅनोग्रॅमच्या आसपास टीबीटी असले तरी माद्यांमध्ये बदल सुरू होतो. प्रमाण थोडे वाढले की अंडी बाहेर येण्याचा मार्गच बंद होतो. मादी अंडी पोटात घेऊन मरते आणि खडकावरची सगळी वस्ती काही वर्षांत संपते.

एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही. सरकारी योजनेतले तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळे घ्या. त्यात साधारण वीस लाख लिटर पाणी मावते. त्या सगळ्या पाण्यात मिळून साखरेच्या दोन-तीन दाण्यांएवढे टीबीटी मिसळले, की गोगलगायीच्या पुनरुत्पादनात ढवळाढवळ करायला तेवढे पुरेसे आहे.

गोव्यातले काम पुढेही चालू राहिले. एन. बी. भोसले आणि सहकाऱ्यांनी २००४ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या पाण्यात, गाळात, प्राण्यांत आणि पाण्यातल्या पृष्ठभागांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थरातही ही कथिलाची संयुगे मोजून दाखवली. त्यानंतर कोची आणि मुंबई बंदरांतल्या गाळाचा अभ्यास झाला. याच संस्थेतल्या ए. सरकार यांच्या गटाने आणखी आत पाहिले. गोव्याच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून गोगलगायी गोळा करून त्यांच्या पेशींतला डीएनए किती अखंड आहे, हे त्यांनी तपासले. पाणी दूषित असेल तर डीएनएचे धागे तुटतात आणि ही तूट मोजता येते, हे त्यांच्या कामातून दिसले. गोगलगायीच का, असे कोणी विचारेल. ती पळून जात नाही. मासा घाण पाण्यातून निघून जाईल, गोगलगाय मात्र त्याच खडकावर आयुष्य काढते. त्या जागेच्या पाण्याचा सगळा इतिहास तिच्या अंगात साठतो.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा या रंगांवर बंदी घालणारा करार २००१ साली झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर ज्या खडकांवरून गोगलगायी नाहीशा झाल्या होत्या, तिथे त्या परत आल्या. विषशास्त्रात अशी सुखाची नोंद क्वचितच मिळते. पण ब्लेबरच्या पहिल्या नोंदीपासून करार लागू होईपर्यंत ३८ वर्षे गेली, हेही त्याच नोंदीत आहे.

या संशोधनाचा डॉक्टरांशी काय संबंध? विष किती घातक आहे हे ठरवायची जुनी रीत अशी: टाकीत मासे सोडायचे, विष मिसळायचे आणि ९६ तासांत निम्मे मासे कोणत्या प्रमाणाला मरतात ते पाहायचे. उंदरांवरही तीच रीत. त्या प्रमाणाच्या बऱ्याच खाली असलेले पाणी सुरक्षित धरायचे. इम्पोसेक्सने ही समजूत मोडली. मरण्याच्या कितीतरी आधी प्राणी बिघडतो, आणि कोणी मुद्दाम पाहिले तरच तो बिघाड दिसतो. मेलेल्यांची संख्या मोजणाऱ्याला तो दिसत नाही. आपल्या आरोग्य यंत्रणेत कीटकनाशकांच्या विषबाधेची मोजणी आजही बहुतांशी पहिल्या रीतीने होते. दाखल किती झाले आणि दगावले किती, एवढीच.

जपानमधल्या मिनामाताची गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत आहे, पण तिच्यातला एक भाग पुरेसा सांगितला जात नाही. चिस्सो कंपनीचा कारखाना पारा असलेले सांडपाणी उपसागरात सोडत होता. १ मे १९५६ रोजी मज्जासंस्थेच्या अनोळखी आजाराची माहिती आरोग्य केंद्राला दिली ती कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी. त्याआधी काही वर्षे गावातल्या मांजरी थरथरत, गिरक्या घेत मरत होत्या. लोक त्याला मांजरांचा नाच म्हणत. १९५९ साली होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजराला अन्नातून दिले. त्या मांजराचा क्रमांक ४००. त्याला तोच आजार झाला. कंपनीने हा निष्कर्ष दाबला. पारा वापरणारे उत्पादन १९६८ सालापर्यंत चालू राहिले आणि त्याच वर्षी सरकारने कारण मान्य केले. होसोकावांची साक्ष १९७० साली झाली, तेव्हा ते स्वतः रुग्णशय्येवर होते. प्राण्यांनी आधी सांगितले, डॉक्टरला कळले आणि तरीही नऊ वर्षे गेली.

आता वाशीमच्या थेंबाकडे. इथे फवारलेले कीटकनाशक खरोखर समुद्रात पोहोचते का? जुन्या औषधांपुरते उत्तर ‘हो’ असे आहे. बीएचसीची पावडर पिकांवर धुरळल्याचे आज साठी-सत्तरीतल्या शेतकऱ्यांना आठवत असेल. ती आणि डीडीटी ही क्लोरिनयुक्त कीटकनाशके वर्षानुवर्षे विघटित होत नाहीत. अरबी समुद्राच्या तळच्या गाळात त्यांचे अंश सापडल्याचे गोव्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच प्रसिद्ध केले. भारतात शेतीसाठी डीडीटीवर १९८९ साली आणि बीएचसीवर १९९७ साली बंदी आली.

आजच्या औषधांचे तसे नाही. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशके उन्हात, पाण्यात आणि मातीतल्या जिवाणूंमुळे काही दिवसांत किंवा आठवड्यांत तुटतात. वाटेत धरणे आहेत, आणि मानोऱ्यातले मोनोक्रोटोफॉस गोदावरीच्या मुखाशी सापडेल असे मानायला फारसा आधार नाही. पण याचा अर्थ ते निरुपद्रवी आहे असा होत नाही. ते आपले काम घराजवळच उरकते. शेतातल्या माणसात, बांधाशेजारच्या विहिरीत, पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या नाल्यात. सायपरमेथ्रिनसारखी औषधे मातीच्या कणांना धरून राहतात आणि काळी माती वाहिली की तिच्याबरोबर ओढ्यात उतरतात. सस्तन प्राण्यांच्या शरीरात हे रसायन लवकर मोडते. माशांत ते मोडायची व्यवस्था तोकडी असते आणि झिंगे-खेकड्यांवर तर त्याचा प्रभाव फार जास्त. नाल्यात मासे पालथे पडले की गावात चर्चा होते. दर वेळी कारण कीटकनाशकच असते असे नाही, गढूळ पाण्यात प्राणवायू घटूनही मासे मरतात. फरक ओळखायचा एक मार्ग मात्र आहे, आणि तोच मार्ग माणसालाही लागू पडतो.

तो मार्ग म्हणजे ॲसिटाइलकोलिनएस्टरेज नावाचे एक वितंचक. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो ॲसिटाइलकोलीन या रसायनामार्फत. हुकूम पोहोचला की ते रसायन लगेच पुसावे लागते, नाहीतर स्नायू आकसलेलाच राहील. पुसायचे काम हे वितंचक करते, तेही सेकंदाला हजारो रेणू या वेगाने. ऑर्गॅनोफॉस्फरस आणि कार्बामेट गटातली कीटकनाशके नेमके यालाच निकामी करतात. किडीचा जीव जातो तो यामुळेच. पण हे वितंचक किडीत आहे, माशात आहे, शिनाण्यात आहे आणि फवारणी करणाऱ्या मजुरातही आहे. उत्क्रांतीने ते फारसे बदललेले नाही.

समुद्र-संशोधकांनी याचा उपयोग दोन प्रकारे केला. मेलेल्या माशाच्या मेंदूत हे वितंचक किती उरले ते पाहून कारण सांगता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जिवंत माशांत आणि शिंपल्यांत ते ठरावीक काळाने मोजत राहिले तर कोणीही मरण्याआधी पाण्यात काय आले ते कळते. शिंपल्यांना पहारेकरी म्हणून वापरायची कल्पना अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतील एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली मांडली. १९८६ पासून त्या देशाच्या किनाऱ्यांवर तसा कार्यक्रम नियमित चालतो. युरोपातल्या सागरी निरीक्षणांत वितंचकाची ही चाचणी रुळलेली आहे.

थोडक्यात, समुद्रातल्या शिंपल्याला जी नियमित तपासणी मिळते, ती वाशीमच्या फवारणी करणाऱ्या मजुराला मिळत नाही.

तीच चाचणी सरकारी रुग्णालयात होत नाही असे नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडाला लाळ, अंगाला घाम आणि छातीत घरघर अशा अवस्थेत रुग्ण येतो तेव्हा ॲट्रोपीन सुरू होते आणि रक्तातले कोलिनएस्टरेज तपासायला पाठवले जाते. पण तोवर वितंचक बहुतांशी संपलेले असते. ही चाचणी निदान पक्के करते, इशारा देत नाही. इशारा द्यायची वेळ त्याच्या आठ-पंधरा दिवस आधीच गेलेली असते. तेव्हा तो मजूर संध्याकाळी ‘डोके धरलेय, मळमळतेय’ म्हणत घरी झोपलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीला लावतो. वितंचक एकदा निकामी झाले की लगेच भरून येत नाही. तांबड्या पेशींतले वितंचक तर नव्या पेशी तयार होतील तसेच, म्हणजे दिवसाला सुमारे एक टक्का या गतीने वाढते. आज थोडे, परवा थोडे असे घटत जाऊन ते अशा पातळीवर येते की एखाद्या नेहमीच्याच फवारणीने माणूस कोसळतो. घरचे म्हणतात, रोज तर मारत होता, आजच काय झाले?

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात हेच मोठ्या प्रमाणावर झाले. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. विदर्भातल्या इतर जिल्ह्यांतही मृत्यू झाले. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीच्या वर गेली होती, म्हणजे फवारा डोक्याच्या पातळीवर होता. जोरकस चिनी पंप आले होते आणि दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. पुढे २०२३ साली केंद्राने मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाला बाजारातून हटवायचा आदेश काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत हे औषध ‘अत्यंत घातक’ गटात मोडते आणि भाजीपाल्यावर ते वापरायला भारतात २००५ पासूनच मनाई होती. म्हणजे वांग्यावर नको ते कपाशीवर चालत होते. खाणाऱ्याचा विचार झाला होता, मारणाऱ्याचा व्हायला आणखी अठरा वर्षे लागली.

आश्चर्य असे की, मजुराचा विचार कागदावर फार आधीपासून आहे. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालील नियम १९७१ चे. त्यातला ३७ वा नियम म्हणतो की कीटकनाशके हाताळणाऱ्या आणि फवारणीच्या कामावर असलेल्या व्यक्तींची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हावी. ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट औषधांबरोबर काम करणाऱ्यांचे रक्तातले कोलिनएस्टरेज तर दर महिन्याला मोजावे. नियम वाचला तर त्याहून अधिक काही मागायची गरज वाटत नाही. तो राबवायचा कोणावर, इथे घोडे अडते. कारखान्यात हजेरीपट असतो, डॉक्टर नेमलेला असतो. शेतात पंपामागे ठरलेल्या पैशांवर आज एकाच्या आणि उद्या दुसऱ्याच्या वावरात जाणाऱ्या माणसाला ‘कामावर घेणारा’ कोण? दोन एकरांचा सोयाबीनवाला शेतकरी स्वतःच पंप उचलत असेल तर तो कोणाचा कर्मचारी? या प्रश्नाला नियमात उत्तर नाही. नव्या कीटकनाशक व्यवस्थापन कायद्याचे विधेयक २०२० साली राज्यसभेत मांडले गेले आणि पुढे स्थायी समितीकडे गेले. त्यावरच्या चर्चेत भेसळ, नोंदणी, दंड आणि भरपाई हे विषय गाजले, पण रक्ताच्या तपासणीविषयी फारसे कोणी बोलले नाही.

कॅलिफोर्नियात हे काम १९७४ पासून चालू आहे. महिन्याभरात सहापेक्षा जास्त दिवस घातक गटातली अशी औषधे हाताळणाऱ्या मजुराची आधी, म्हणजे औषधाशी संबंध नसलेल्या काळात, चाचणी होते. ती त्याची पायाभूत पातळी. नंतरच्या चाचणीत पातळी मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की मालकाने कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतले वितंचक ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातले ६० टक्क्यांवर आले की मजुराला त्या कामावरून हलवायचे आणि पातळी पुन्हा ८० टक्के झाल्याशिवाय परत घ्यायचे नाही. पायाभूत चाचणीचा आग्रह उगाच नाही. या वितंचकाचे सामान्य प्रमाण माणसामाणसांत इतके वेगळे असते की, ज्याची मूळ पातळी उंच आहे त्याचे एक तृतीयांश वितंचक गेले तरी प्रयोगशाळेच्या कागदावर ‘सामान्य’ असेच लिहून येऊ शकते. डॉक्टर निर्धास्त, मजूरही निर्धास्त.

ही चाचणी म्हणजे सर्वज्ञ नव्हे, हेही सांगायला हवे. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, डायफेन्थियुरॉन आणि सायपरमेथ्रिन यांचा या वितंचकाशी संबंध नाही, आणि त्यांची बाधा यात दिसणार नाही. पॅराक्वाट या तणनाशकाला तर उतारा नाही आणि रक्तातली ही खूणही नाही. औषधे बदलत चालली आहेत तसे चाचणीचे महत्त्व थोडे घटत जाईल. समुद्रातही असेच झाले. टीबीटी गेले, रंगात दुसरी जीवनाशके आली आणि संशोधकांना नवे पहारेकरी शोधावे लागले. पण प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, क्लोरपायरीफॉस यांच्या बाटल्या कृषी सेवा केंद्रांच्या फळ्यांवर वर्षानुवर्षे आहेत आणि मिश्रणांतही हा गट येतो. त्यामुळे वाशीमपुरती तरी ही चाचणी कालबाह्य झालेली नाही.

मासे खाणाऱ्यांच्या मनातली एक शंका इथेच मिटवलेली बरी. बाजारात येणारी सुकट आणि बोंबील यांना घाबरायचे काही कारण या संशोधनात नाही. पारा साठतो तो मुख्यतः मोठ्या, दीर्घायुषी, इतर मासे खाणाऱ्या माशांत, आणि लहान माशांत तो फार कमी असतो.

वाशीम हा राज्यातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. २०१८ पासून इथल्या आरोग्याचे आकडे नियमित दिल्लीला जातात. गरोदर मातांची तपासणी, संस्थेतली बाळंतपणे, कमी वजनाची बालके, लसीकरण, क्षयरोग. हे सगळे मोजले जाते म्हणूनच त्यावर बैठका होतात आणि माणसे कामाला लागतात. फवारणीच्या बाधेचा रकाना त्यात नाही. तो असता तर काय लागले असते? प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत नियमित फवारणी करणारे पुरुष आणि द्रावण कालवणाऱ्या, पाणी वाहून देणाऱ्या बाया यांची यादी. ती आशा कार्यकर्तीला तोंडपाठ असते. बोटाच्या टोकातून रक्त घेऊन काही मिनिटांत पातळी सांगणारी सुटसुटीत यंत्रे जगात अनेक वर्षे वापरात आहेत. नाहीतर जिल्हा प्रयोगशाळेत नमुने पाठवता येतात. हंगामाआधी एक नमुना, फवारणी ऐन भरात असताना दुसरा, आणि पातळी घसरलेल्याला चार-सहा आठवडे पंपापासून दूर ठेवायची सोय. यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड. कारण त्या आठवड्यांची मजुरी कोण देणार, हा प्रश्न आरोग्य खात्याचा नाही असे आरोग्य खाते म्हणेल, आणि कृषी खातेही तेच म्हणेल. रोजगार हमीच्या कामांत अशा मजुराला आधी घेता येईल का, याचा विचार जिल्हा पातळीवरच होऊ शकतो.

वेळेचे गणित मात्र खात्यांवर अवलंबून नाही. पायाभूत नमुना घ्यायचा तर त्याआधी निदान महिनाभर माणसाचा या औषधांशी संबंध आलेला नसावा. जूनमध्ये पेरणी होते, जुलै उजाडला की सोयाबीनवर पहिली फवारणी. पुढे कपाशी आणि तूर, मग हरभऱ्यावरची अळी, असे करत पंप जानेवारीपर्यंत खाली ठेवला जात नाही. उन्हाळी भाजीपाला नसलेल्या गावांत एप्रिल आणि मे हे दोनच महिने पुरेसे मोकळे सापडतात. त्यात घेतलेला नमुनाच त्या माणसाची खरी पातळी सांगतो. जुलैनंतर घेतलेल्या पहिल्या नमुन्याला ताडून पाहायला काहीच नसते.